बहिणी, भूत आणि १८० चौरस फूट: मुंबईतल्या झपाटलेल्या घराची कुमार-कादंबरी कशी लिहावी

माझ्या पहिल्या भुताच्या कादंबरीचा खर्डा मी ताईच्या मुलीला वाचायला दिला होता. ती तेव्हा तेरा वर्षांची. कोकणातला वाडा, अठरा खोल्या, तिथे राहणाऱ्या दोन पोरक्या बहिणी, वरच्या मजल्यावर पावलांचा आवाज. तिने चार पानं वाचली आणि विचारलं, "मावशी, एवढं मोठं घर आणि दोघीच? मग भाड्याने का नाही देत?"

गिरगावात वाढलेल्या पोरीचा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खर्डा कपाटात गेला, आणि तेव्हापासून मी स्वतः लिहिताना आणि मुलामुलींच्या शिबिरांत शिकवताना एक गोष्ट धरून चालते: मुंबईत रिकामी खोली नसते. वाड्यातलं भूत रिकामेपणावर जगतं. मुंबईतलं भूत जागा मागायला येतं. जिथे चार जण झोपतात तिथे त्याला पाचवं अंथरूण हवं असतं. बहिणींची भांडणंही बहुतेक जागेचीच असतात: माळ्यावर कोण झोपणार, कपाटाचा कुठला खण कुणाचा, खिडकीजवळ अभ्यासाला कोण बसणार. भूत आणि बहिणी एकाच गाठीत बांधता आल्या की निम्मं काम झालं.

आधी घर मोजा

गोष्ट सुचण्याआधी घर ठरवा आणि कागदावर त्याचा नकाशा काढा. मापासकट. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे साधारण दहा बाय सोळा. जमिनीवर खडूने एवढा चौकोन आखून त्यात मोरी, ओटा, कपाट, फळी, देव्हारा आणि चार माणसांची अंथरुणं बसवून पाहा. आपल्या नायिकेला रात्री उठून दारापर्यंत जायचं तर कुणाच्या पायावरून जावं लागेल, हे तेव्हा कळतं. भीतीच्या प्रसंगाला हे फार उपयोगी पडतं.

चाळ हाच एक पर्याय आहे असं नाही. खोताची वाडी किंवा माझगावची माथारपाखाडी इथली लाकडी जिन्यांची घरं आहेत. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारती आहेत. लोअर परळला गिरणीच्या जमिनीवर उभा राहिलेला टॉवर आहे. टॉवरमध्ये रिकामी जागा कुठे, तर रेफ्यूज एरियात. आगीच्या वेळी जमण्यासाठी मोकळा सोडलेला मजला, जिथे एरवी कुणी फिरकत नाही. गिरणी कामगाराच्या दोन नाती त्या टॉवरमध्ये घरकामाला येतात आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपातलं कुणीतरी त्या मोकळ्या मजल्यावर अजून पाळीवर हजर होतं. हे बीज घ्या हवं तर, मी वापरलेलं नाही. धोकादायक इमारतीतल्या लोकांना हलवतात त्या संक्रमण शिबिरावर तर फारच थोडं लिहिलं गेलंय. 'तात्पुरते' म्हणून गेलेले लोक तिथे वर्षानुवर्षं राहतात. तात्पुरतं आणि कायमचं यांच्यात अडकलेली माणसं म्हणजे भुताची व्याख्याच झाली.

एक पथ्य. खऱ्या इमारतीचं नाव घेऊन ती झपाटलेली आहे असं लिहू नका. 'मुंबईतल्या दहा भुताटकीच्या जागा' छापाच्या याद्यांमधून घर उचलू तर अजिबात नका. तिथे लोक राहतात, मुलींची लग्नं जमवतात, खोल्या विकतात. चाळीला खोटं नाव द्या, गल्ली मात्र खरी ठेवा.

या लेखापुरतं आपण एक घर धरू. गिरगावातली तीन मजली चाळ, लाकडी जिना, खालच्या मजल्याला टेकू लावलेले. तिसऱ्या मजल्यावरची १८० चौरस फुटांची खोली, भाडेपावती आजीच्या नावावर. आई-बाबा, आजी, सतरा वर्षांची सई, तेरा वर्षांची जुई.

मग तारीख शोधा

भूत म्हणजे घराला आठवणारी एक तारीख. ती मनाने बनवण्यापेक्षा शहराच्या इतिहासातून घ्या, कारण खऱ्या तारखेला न सुचलेले तपशील लटकलेले असतात.

मी १४ एप्रिल १९४४ घेते. शुक्रवार. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' या बोटीवर दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र लादलेल्या होत्या. आग लागली आणि दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी बोट फुटली. अर्ध्या तासात दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले बंबवालेही गेले. आजही १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. बोटीवर सोन्याच्या विटाही होत्या आणि त्या शहरात उडून पडल्या. हा तपशील इतका मोहक आहे की शिबिरात निम्मी मुलं लगेच सोन्यामागे धावतात. सोनं सोडा. सोनं आलं की भुताची गोष्ट खजिन्याची होते.

त्यापेक्षा घड्याळ पाहा. युद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, देशातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्या हिशेबाने तेव्हाचे चार वाजून सहा मिनिटं म्हणजे आजचे तीन वाजून सहा. सई-जुई वाचून, शोधून चार वाजता दबा धरून बसतात आणि काही घडत नाही. जे घडायचं ते तासाभरापूर्वी, जुई एकटी असताना घडून गेलेलं असतं. असला धागा नुसत्या कल्पनेतून सापडत नाही. तो सापडतो दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा एशियाटिकच्या वाचनालयात जुने अंक चाळताना, तेही भलतंच काही शोधत असताना.

दुपार मी मुद्दाम निवडली आहे. मध्यरात्रीची भीती चाळीत चालत नाही. रात्री बारा वाजता कुणीतरी गॅलरीत फोनवर बोलत असतं, कुणी दुसऱ्या पाळीवरून येत असतं, पहाटे पाण्यासाठी पिंपं खडखडतात. चाळ खरी सुनसान होते दुपारी अडीच ते चार. मोठी माणसं कामावर, म्हातारी झोपलेली, दारांवरचे पडदे वाऱ्याने आत ओढले जातायत. भुताची वेळ तीच.

बहिणींमधलं भांडण, एका शब्दात

इथे वेळ घालवा. मी तर या पायरीवर तीन-चार आठवडे काढते.

बहिणी म्हटलं की लिहिणारे दोन टोकांना जातात. एकतर जीवाला जीव देणाऱ्या, नाहीतर एक शहाणी, एक वांड. खऱ्या बहिणींचा हिशेब चालू असतो, आणि तो कधी मिटत नाही. कुणी किती केलं, कुणाला किती मिळालं. तुमच्या बहिणींचा हिशेब कशाचा आहे तो एका शब्दात सांगता आला पाहिजे, आणि तोच शब्द भुताच्या तोंडी शोभला पाहिजे.

आपल्या गोष्टीत तो शब्द आहे 'खेप'. चाळीत पाणी भरायची खेप, दळण आणायची खेप, वाण्याकडची खेप. सई बारावीला, म्हणून वर्षभर तिच्या वाटच्या सगळ्या खेपा जुईवर आल्यात. जुई हे बोलत नाही, कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक रेघा मारते. मे महिन्यापर्यंत एकशे बारा रेघा होतात.

आता १९४४. आजी आठ वर्षांची, तिची थोरली बहीण तेराची. वडील गोदीत, त्या दिवशी दुसरी पाळी. डबा गोदीच्या दरवाजाशी पोचवायची खेप धाकटीची होती. खेप कसली, ट्राममध्ये बसायचं आणि डबा द्यायचा. धाकटी म्हणाली, पोटात दुखतंय. थोरली गेली. दुखत नव्हतं.

ऐंशी वर्षं आजीने हे कुणाला सांगितलेलं नाही. 'मला बहीण नव्हती' असं ती सांगते. आणि दुपारी तीन वाजता त्या खोलीत जे येतं ते भयंकर काही करत नाही. ते विचारतं, खेप कुणाची होती?

जुईला हा प्रश्न आपल्याच मनातला वाटतो, म्हणून ती आधी घाबरत नाही. उलट तिला वाटतं, कुणीतरी आपल्या बाजूचं आलं. भीती तिथून सुरू होते. वयाचंही लक्षात घ्या. मेलेली थोरली तेरावरच थांबली आहे, म्हणजे ती आता जुईच्या बरोबरीची आणि सईपेक्षा लहान. थोरली लहान होते आणि धाकटी म्हातारी होते हे फक्त भुताच्या गोष्टीतच घडू शकतं. मिळालंय तर वापरा.

हाका कशा मारतात ते ऐका

मराठी घरात नातं हाकेत असतं. जुई सईला 'ताई' म्हणते. भांडण चढलं की 'ए सई' म्हणते, आणि फार दुखावली की काहीच म्हणत नाही, नुसतं 'ऐक' म्हणून सुरुवात करते. एवढं पाळलंत तर 'ती रागाने म्हणाली' हे शब्द निम्म्या जागी गाळता येतात.

हाकेत रहस्यही लपवता येतं. आपलं भूत 'बेबी' म्हणून हाक मारतं. दोघी बहिणी दोन प्रकरणं तान्ह्या बाळाच्या मागे लागतात. या खोलीत कुणाचं बाळ गेलं होतं का, शेजारच्या काकूंना आडून विचारतात. मग एका संध्याकाळी गावाहून आजीच्या चुलतभावाचा फोन येतो, कान गेलेला माणूस, ओरडूनच बोलतो: "बेबीला दे गं फोन!" आणि नव्वदीला टेकलेली आजी हात पुढे करते. आपल्याकडे किती म्हाताऱ्या बायका माहेरच्यांसाठी जन्मभर बेबी असतात! वाचकाला हे माहीत असतं, तरी तो फसतो.

तसंच 'अक्का'. पुराणात ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी, लक्ष्मीची थोरली बहीण. तीच आपली अक्काबाई. घर खालावलं की म्हणतात, अक्काबाईचा फेरा आला. आजी पहिल्याच प्रकरणात पुटपुटते, 'अक्काचा फेरा आलाय'. सगळ्यांना वाटतं चाळ रिकामी करायच्या नोटिशीबद्दल बोलतेय. ती तिच्या अक्काबद्दल बोलत असते.

भुताचे नियम

एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहा: ते काय करू शकतं, काय करू शकत नाही, त्याला काय हवंय. चिठ्ठी भिंतीवर चिकटवा. आपली चिठ्ठी अशी: उंबऱ्याच्या आतली भांडी हलवू शकतं. उंबरा ओलांडू शकत नाही. त्याला खेप पुरी करून हवीय. दहाव्या प्रकरणात अडलात म्हणून भुताला अचानक उडायला लावलंत तर तेरा वर्षांचा वाचक पुस्तक मिटतो. या वयाचे वाचक नियमांच्या बाबतीत वकिलासारखे असतात.

आपली लोकपरंपरा मोठी आहे: मुंजा, समंध, खवीस, देवचार, गिऱ्हा, हडळ, जखीण. पण नुसतं नाव उचलू नका, त्यामागचा हिशेब बघा. मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा, तो पिंपळावर. हडळ आणि जखीण या बहुतेक बाळंतपणात, संसार अर्धा टाकून गेलेल्या बायका. चौदा वर्षांच्या मुलीसाठी लिहिताना 'बाईचं आयुष्य अपुरं राहिलं की ती भयंकर होते' हा जुना समज तसाच पुढे ढकलायचा का, ते आधी ठरवा. मला पटत नाही, म्हणून माझ्या भुताला कुठलंच तयार नाव नाही. बहिणींवरच लिहायचं तर साती आसरांचा विचार करा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. मुंबईत मलेरियाच्या भीतीने बुजवलेल्या विहिरी कितीतरी आहेत, आणि त्यांच्यावर उभ्या इमारतीही.

भीतीचा प्रसंग लिहिताना

चाळीत किंचाळता येत नाही हे आधी समजून घ्या. किंचाळलं की अर्ध्या मिनिटात चाळीस माणसं दारात, कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या हातात कांदा. म्हणून इथली भीती आवाज न करता घडली पाहिजे. ते तुमच्या फायद्याचंच आहे.

शिबिरात नेहमी येणारं वाक्य असं असतं: 'अचानक थंडगार वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्या अंगावर शहारे आले. खोलीत कुणीतरी असल्याचं तिला जाणवलं.' एप्रिलमध्ये गिरगावात थंडगार झुळूक आली तर लोक देवाचे आभार मानतील. त्याजागी घरातली वस्तू घ्या आणि ती थोडीशीच चुकवा:

'मोरीशेजारच्या फळीवर आजीने घासलेले डबे पालथे घातले होते. जुईने पाणी घेतलं तेव्हा मधला डबा सुलटा दिसला. तिने तो पालथा घातला. पाणी प्यायली, पेला विसळला, वळली. डबा सुलटा होता. झाकण लागलेलं होतं, कडी वर होती, कुणीतरी आता उचलून नेणार असल्यासारखी.'

यात भीती हा शब्द नाही. वास जोडायचा तर जळत्या कापसाचा जोडा, कारण तो १४ एप्रिलचा आहे. अत्तर, मोगरा, पैंजण यांना सुट्टी द्या.

दुसरी गोष्ट, शंकेला जागा ठेवा. गिरगावखालून मेट्रो-३ भुयारातून जाते. भांडी थरथरली की आई म्हणते, मेट्रो. जुई गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर थरथरीच्या वेळा लिहू लागते. चार दिवसांत तिला गाड्यांच्या अंतराचा अंदाज येतो. पाचव्या दिवशी सगळ्या नोंदी त्या अंतरात बसतात, एक सोडून. तीन वाजून सहा.

पुरावा, फोन, मोठी माणसं

जुनी डायरी आणि पिवळा फोटो सापडणं बंद करा. १९४४ साली गोदी कामगाराच्या घरात फोटो कुठला! आपल्या घरांत पुरावे वेगळे असतात: भाडेपावत्या, शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि भांड्यांवर घातलेली नावं. पितळी डब्याच्या बुडाला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव चिंच लावून घासल्यावर दिसतं. त्यात आजीच्या नावाआधी आणखी एक नाव आहे. बस.

फोनचा बाऊ करू नका. बॅटरी संपवू नका, नेटवर्क घालवू नका. दोघींत मिळून एकच फोन द्या. सईने काय शोधलं ते जुईला दिसतं, जुईने काय पुसलं ते सईला दिसतं. भुतापेक्षा जास्त गोंधळ त्यातून होतो.

मोठ्यांना हे का सांगत नाहीत, याला कारण हवं. इथे आहे: इमारत धोकादायक ठरली आहे, पावसाळ्याआधी संक्रमण शिबिरात जायचंय, बाबा पागडी (जुन्या भाड्याच्या खोलीवरचा हक्क), पावत्या आणि करारात बुडालेत, आणि आजीचं डोकं फिरलंय असं ठरलं तर पावतीवर सही कुणाची, हा प्रश्न उभा राहील. भुताचं गुपित आणि घराचा कागद एकत्र अडकले. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. म्हणजे तुम्हाला आयतंच घड्याळ मिळालं: १४ एप्रिल ते पहिला पाऊस.

कुणी काकू मांत्रिक आणायचं म्हणतीलच. आणू दे, पण तुम्ही सावध राहा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सतरा वर्षांच्या सईला हे शाळेतून माहीत असणं शक्य आहे, आणि ती ते तोंडावर सांगू शकते. फिट येणं किंवा मन खचणं यांना 'झपाटणं' म्हणून दाखवू नका. कादंबरीतलं भूत खरं असू दे, आजार मात्र आजारच.

भाषा आणि लांबी

पंचवीस ते तीस हजार शब्द पुरेत, प्रकरण दीड हजाराच्या आसपास. सईच्या तोंडी 'यार' आणि 'चिल' येऊ द्या, पण बेताने. आजची बोली दोन वर्षांत शिळी होते. अक्का १९४४ चं बोलते: आणा, ट्राम, गोदी, बंब. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. अक्का जुईला म्हणते, 'ट्रामने जा, लवकर येशील,' आणि जुईला वाटतं ही कुठल्यातरी दुसऱ्या शहराबद्दल बोलतेय.

शेवट

भूत मंत्राने जात नाही, हाडं सापडून जात नाही, माफी मागूनही जात नाही. खेप राहिली आहे, ती कुणीतरी करायची आहे. आजी स्वतः डबा भरते, कांदा-बटाट्याची भाजी आणि तीन पोळ्या. जिना तिला उतरवत नाही. सई तिला पाठुंगळी घेते, बारावीच्या वर्षभरात केलेली तिची पहिली खेप. टॅक्सीने बंदराच्या कुंपणापर्यंत जातात, पुढे सोडत नाहीत. तिथे काय होतं ते मी सांगणार नाही, पण डबा परत येताना रिकामा असावा, आणि तो कुणी खाल्ला यावर दोघी बहिणींचं एकमत नसावं. जुईच्या कॅलेंडरवरच्या एकशे बारा रेघा पुसू नका. त्या तशाच राहू देत, खाली सईच्या नावाने एक.

लिहून झालं की मोठ्याने वाचा, मग एक महिना ठेवून द्या, मग वाचायला द्या. संपादकाला नंतर, आधी कुठल्यातरी दोन सख्ख्या बहिणींना, वेगवेगळ्या प्रती. दोघींनी वेगवेगळ्या पात्राची बाजू घेतली तर जमलं. दोघी एकीचीच बाजू घेत असतील तर दुसरीवर अन्याय झालाय, परत बसा.

मी माझा दुसरा खर्डा ताईला पाठवला होता. पंधरा दिवसांनी आला. आत कुठे काही खूण नाही, फक्त अर्पणपत्रिकेतल्या 'माळ्यावरच्या माझ्या जागेला' या ओळीखाली लाल रेघ आणि समासात तिचं अक्षर: 'माळ्यावर मी झोपायचे. तू खाली, आजीजवळ.'